बेटावरच्या फुलाचा ठसा

शहराच्या गोकुलम भागात योग शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मी इथला स्वयंपाक शिकवते. त्यांतली एक बाई दूरच्या एका छोट्या बेटावरची. तिथल्या कड्याच्या कपारीत एक फिकट जांभळं रानफूल येतं, जगात आणखी कुठंच येत नाही. तिची आई दर वर्षी कड्यावर चढून रोपं मोजायची. आता आई अंथरुणाला खिळलेली, आणि रोपंही बोटांवर मोजण्याइतकी उरलेली. आईच्या उशाशी ठेवायला त्या फुलाचं कापड हवं, म्हणून तिनं मला चित्र दिलं. मधोमध एकच फूल, बाकी सगळं कोरं.

आमचं घराणं कापडावर ठसे छापणाऱ्या रंगाऱ्यांचं. जुन्या अग्रहार पेठेतल्या घरात आता छपाई करणारे बाबा एकटेच. मी त्यांना न विचारता हो म्हणून मोकळी झाले, हे माझं शहाणपण. आमच्याकडे एकटा ठसा मारतात तो फक्त रंग बघायला. तसं कापड घराबाहेर जात नाही.

बाबांनी आठवडाभर बसून सागवानात फूल कोरलं. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. तिथं वारा कुठून येतो, फूल मान कुठं वळवतं, असं मला विचारायचे आणि मी खुशाल ठोकून द्यायची. दुपारी रंगाच्या वासात डोळा लागला की मलाही तो कडा दिसायचा. खाली निळं पाणी, आणि बाबा लुंगी सावरत सावकाश वर चढताहेत.

ती कापड न्यायला आली तेव्हा मेजावरच्या कापडावर इकडून तिकडं नुसती फुलं. मी चिडलेच. बाबा म्हणाले, "एकटं कसं राहील गं ते?"

तिनं कापड पाहिलं. मग मला म्हणाली, "हे आईला नाही दाखवता येणार. तिला वाटेल, रोपं परत आलीत."

बाबांना मी ते सांगितलं. मलमलीचा पांढरा तुकडा पसरून त्यांनी मधोमध एकदाच ठसा दाबला. हात उचलायला मात्र वेळ लावला. वाळल्यावर घडी करून स्वतः तिच्या हातात दिला.

भरलेलं कापड आमच्याकडेच राहिलं. दुपारी बाबा तेच पांघरून झोपतात. परवा धुवायला मागितलं तर झोपेतच म्हणाले, "तिच्या आईला कळव, बाकीची फुलं इथं आहेत."

मी अजून कळवलेलं नाही. त्या आईला खरं वाटलं तर, याची भीती वाटते.