आंब्याखालचा होस्टा

नवरा गेला त्या वर्षी लेक हिमालयातली रोपवाटिकेची नोकरी सोडून सेलूला माझ्याकडे राहायला आली. सामान थोडंच, आणि एक कुंडी. तिच्यात होस्टा होता, निळसर पानांच्या जातीचा. थंड मुलखातलं हे झाड. त्याला फुलं नावापुरती, सारं कौतुक पानांचं, आणि ती पानं सावलीतच खुलतात.

आम्ही त्याला आंब्याखाली जागा केली. दुपारी मी तिथेच खाट टाकून पडायची. होस्टाच्या पानांवर उजेडाचे ठिपके सरकत राहायचे आणि डोळे अर्धे मिटले की आपण सेलूत आहोत की एखाद्या तळ्याच्या बुडाशी, हे कळेनासं व्हायचं. लेक शेजारी बसलेली असायची. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं.

उन्हाळ्यात मी कुंडी कूलरमागे ठेवली आणि वाया जायला नको म्हणून कूलरचं ठिबकणारं पाणीही तिलाच घातलं. आमच्या बोअरचं पाणी आधीच खारं, कूलरमध्ये आटून ते आणखी खारं होतं. पानांच्या कडा जळाल्या. लेकीने माती बदलली. ती काही बोलली नाही, म्हणून मला जास्तच राग आला.

होस्टाला हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत झोपायला लागतं. आमची थंडी एका शालीपुरती. म्हणून त्याचा गड्डा फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीखाली झोपायचा. इतके लाड तर जावयाचेही होत नाहीत, असं शेजारीण म्हणायची.

तरी दर वर्षी पानं लहानच येत गेली. लेक तासन्‌तास मोबाईलवर तिकडच्या डोंगरांचे फोटो बघत बसायची. एकदा जुन्या रोपवाटिकेतून तिला परत बोलावणारा फोन आला. आई एकटी आहे, असं सांगून तिने नाही म्हटलं, ते मला आतल्या खोलीत ऐकू आलं. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला. आनंदच जास्त झाला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गड्डा खणून ओल्या पोत्यात बांधला आणि तिच्यासमोर ठेवला.

"हे तिकडं घेऊन जाजो. अन् फोन करून येतो म्हणून सांगजो."

"अन् तू?"

"मी इथंच उगवली. मले काई होत नाई."

शेवटी तिने फोन लावला. ती हो म्हणेपर्यंत मी पाठ फिरवून नळाखाली हात धूत राहिले. माती केव्हाच निघून गेली होती.