चाराचे पाच

मास्तर शाळेतले मास्तर नव्हेत. दुकानांच्या वरच्या एका खोलीत, चौदा खुर्च्या आणि एक पांढरा फळा एवढ्या भांडवलावर, ते पोरापोरींना मोठ्या संगणक कंपनीच्या मुलाखतीसाठी तयार करत. त्यांच्या हाताखालून गेलेले साठेक जण त्या काचेच्या इमारतीत चिकटले होते. मास्तर स्वतः मात्र दोनदा जाऊन हात हलवत परत आले होते. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कायमचं बाद, असा तिथला नियम. त्रेचाळिसाव्या वर्षी ते तिसऱ्यांदा गेले.

मुलाखत घेणारी बाई त्यांच्या निम्म्या वयाची असेल. तिने लॅपटॉपवरून प्रश्न वाचला. चाळीस डबे, त्यातला एकच जड. तराजूवर कमीत कमी किती वेळा तोललं तर तो नक्की सापडेल?

मास्तरांना हसूच फुटलं. हा प्रश्न त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी वर्गाच्या वहीसाठी रचला होता. वही गावभर फिरली आणि फिरत फिरत इथवर पोचली. त्यांनी फळ्यावर डब्यांचे ढीग पाडून दाखवले. म्हणाले, "चार."

"माझ्याकडे पाच आहे."

मास्तरांना लगेच उलगडा झाला. वही टाइप करणाऱ्याने त्यांच्या अक्षरातला ४ हा ५ वाचला होता. चूक त्यांना नंतर दिसली, पण पुढच्या वेळी सुधारू, पुढच्या वेळी सुधारू, करत राहून गेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मॅडम, हा प्रश्न माझाच आहे. ते पाच टायपिंगमध्ये चुकलंय."

"असं बरेच जण म्हणतात, सर." बाई वाईट नव्हती. फळ्याकडे तिने बघितलंही. "मला इथे उत्तर जुळतंय की नाही, एवढंच भरायचंय. अजून एकदा विचार करा ना."

म्हणजे दार तिने उघडून धरलं होतं. फक्त पाच म्हणायचं होतं. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "आज तरी तिथे शिकवत बसू नका." मास्तरांना ते आठवलं. पण फळा समोर असला की या माणसाच्या तोंडून खोटं उत्तर निघतच नसे.

"चारच," ते म्हणाले.

तीन दिवसांनी दोन ओळींची नकाराची मेल आली. बायकोने ती वाचली आणि धुतलेली भांडी जागेवर लावायला घेतली.

सोमवारी वर्गात, त्यांच्याकडेच शिकणाऱ्या भाचीने वही पुढे केली. पुढच्या आठवड्यात त्याच कंपनीत तिची मुलाखत होती.

"मामा, डब्यांचं मला चार येतंय. तीनदा करून बघितलं."

मास्तरांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं तपासलं. कुठेच चूक नव्हती. पोरगी हुशार होती, आणि त्याचंच त्यांना रडू आलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तिथे पाच सांग."