गोडदेवचा गरुड

भाईंदरला, गोडदेव भागातल्या आमच्या घरात एकदा गरुड वाढत होता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गावाहून परतलो तर बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे, एक पिल्लू! काळपट अंग, त्यावर पिवळे विस्कटलेले केस आणि दांडगी चोच. इतकं कुरूप, म्हणजे थोर असणारच! मुलीच्या वाढदिवसाचा रोल मी त्याच्यावर संपवला (मुलीचा एकच फोटो आला, त्यातही पुढे पिल्लू). धुऊन आलेले फोटो वाचनालयातल्या पुस्तकाशेजारी धरले आणि ठरवलं: गरुड!

शेजारच्या परेशभाईंनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. "गिद्ध लगता है, साहेब."

"गिद्ध नाही, गरुड!"

दुपारी बाल्कनीच्या दारात पडलं की मिठागरांवरून खारा वारा यायचा, डोळे मिटायचे. पांढऱ्या ढिगांवरून एक भव्य सावली संथ सरकतेय, अख्खं भाईंदर माना वर करून बघतंय, आणि मी अदबीने सांगतोय, "आमचाच तो."

स्वप्नात व्यत्यय एकच. दोन कबुतरं! सारखी घुसायची, पिल्लाची चोच तोंडात धरून गदागदा हलवायची. गरुडबाळावर हल्ला! मी चक्क रजा टाकली (कारण: घरी लहान बाळ) आणि छत्री घेऊन पहाऱ्याला बसलो.

संध्याकाळी पिल्लाने मान टाकली. मी बाल्कनीतूनच ओरडलो.

"अगं, जातंय गं हे!"

माझी बायको सुनंदा कणकेच्या हातांनी धावत आली. तिने पिल्लाकडे पाहिलं, कठड्यावर ताटकळलेल्या कबुतरांकडे पाहिलं, मग माझ्या छत्रीकडे.

"अहो, आईबाप आहेत ते त्याचे!"

"गरुडाचे?"

"आधी आत या!"

दाराच्या फटीतून आम्ही पाहत राहिलो. कबुतरं उतरली. पिल्लू धडपडत उठलं, आईच्या घशात चोच घालून पीत राहिलं. ऊन मऊ झालं होतं. सुनंदाचा पिठाचा हात माझ्या खांद्यावर होता. गरुड गेल्याचं दुःख करायचं राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी परेशभाईच फोटो घेऊन आले. गच्चीत टाकीमागे पिल्लू सापडलेलं. "साहेब, आप तो अनुभवी. ये कौन?"

पोळलेला माणूस मी! न बघताच म्हणालो, "कबूतर. ज्वारी डालो."

त्यांनी भक्तिभावाने ज्वारी टाकली. ज्वारीला उंदीर आले, आणि उंदरांवर पिल्लू झकास पोसलं. घुबडाचं होतं!

माझ्या सल्ल्यानेच ते जगलं, असं मी अजूनही सांगतो. सुनंदा घरात नसली तर!