बरणीला टेकवलेला फोन

आंबणाऱ्या जांभळांचा वास आज घरभर सुटलाय आणि मला माझ्या मैत्रिणीचा, सुषमाचा तो फोन आठवतोय.

हंगाम सरत आला की आम्ही दोघी घरीच जांभळाची वाइन घालतो आणि बरण्यांची अदलाबदल करतो. स्वतःची बरणी समोर असली की सारखं फडकं सोडून बघावंसं वाटतं! माझी तिच्याकडे बुवापाड्यात, तिची माझ्याकडे बदलापूरला.

त्या वर्षी आई गेली आणि मी कुणाशी बोलेनाशी झाले. सुषमाचा फोन आला. "बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणाली आणि तिने मोबाइल माझ्या बरणीला टेकवला. बुडबुडे फुटत होते. मला रागच आला, तरी फोन ठेववला नाही.

परवा तिचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तीही गप्प गप्प आहे. आत्ता तिच्या बरणीला फोन टेकवलाय.

"ऐकलंस? दिवाळीत हिचं फडकं तूच सोडायचंस."