सासूबाईंनी शिवलेलं नौदल

नाशिकला समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक नसतं तरी चाललं असतं, कारण भेटणारा प्रत्येक माणूस मला ते सांगतोच.

मी पगारे. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो आणि उरलेल्या वेळात जहाजांचे पॅच जमवतो. पॅच म्हणजे खलाशांच्या गणवेशावर असतो तो रंगीत दोऱ्यांनी भरलेला कापडी बिल्ला. त्यातही युद्धनौकांचे मला नकोत. तोफा, वाघ, कवट्या जमवणारे पुष्कळ आहेत. मला हवेत ते दोनच जातींच्या जहाजांचे : बुडालेली जहाजं वर काढणारी, आणि तळाशी अडकलेल्या पाणबुडीतून माणसं सोडवून आणणारी. अशी जहाजं जगात मुळात थोडी, त्यांचे पॅच त्याहून थोडे, आणि ते जमवणारा आमच्या अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा! (स्पर्धा नसलेलं क्षेत्र निवडावं, असं मला लहानपणापासून वाटतं.)

सुरुवात जुन्या बाजारात झाली. तिथे थंडीसाठी एक वापरलेलं खाकी जॅकेट घेतलं, त्याच्या बाहीवर एक पॅच होता. मधे घंटेसारखं काहीतरी, दोन बाजूंना दोन मासे. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, ती घंटा नव्हेच. ती पाण्यात सोडायची लोखंडी खोली. अडकलेल्या पाणबुडीच्या डोक्यावर ती टेकवतात, आतली माणसं तिच्यात चढतात आणि वर येतात. लढायला निघालेल्या एवढ्या जहाजांमध्ये एक जहाज नुसतं दुसऱ्यांना परत आणायला निघतं, हे वाचून मला भरूनच आलं. तो पॅच मी हलक्या हाताने उसवला, आणि मग परदेशातल्या निवृत्त खलाशांशी पत्रं, अदलाबदल, पोस्टाच्या खेपा असं करत करत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्रेचाळीस पॅच जमले. (मी स्वतः समुद्र दोनदाच पाहिलाय. दोन्ही वेळा हातात भेळ होती, त्यामुळे नीट लक्ष देता आलं नाही.)

आमची सुनीता या छंदाला विरोध करत नाही. पाहुणे आले की ती डबा फक्त कपाटाच्या वरच्या कप्प्यात सरकवते.

गेल्या जानेवारीत सुनीताची आई इगतपुरीहून आमच्याकडे राहायला आली. सासरे रेल्वेत गँगमन होते, ते गेल्यापासून ही बाई एकटी भाताची खाचरं सांभाळते. वय सत्तरच्या पुढे, अंगात ताकद दोन माणसांची, आणि रिकामं बसायची मनस्वी चीड. पहिल्या दिवशी तिने आमचे सगळे डबे घासले. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचे. तिसऱ्या दिवशी घासायला काही उरलं नाही, तेव्हा तिची नजर खुंटीवरच्या माझ्या खाकी जॅकेटवर गेली. त्याला उंदरांनी ठिकठिकाणी खिडक्या पाडल्या होत्या.

मी कचेरीत होतो. पुढचा संवाद मला नंतर सुनीताकडून कळला.

"सुनी, ह्या डब्यात काय हाय गं?"

"ह्यांचे पॅच आहेत, आई."

"प्याच म्हंजे?"

सुनीता कणीक मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ठिगळं गं."

झालं! शब्दशः बरोबर होतं, हेच तर दुर्दैव.

संध्याकाळी मी घरी आलो तर आई दारातच जॅकेट धरून उभ्या. "जावईबापू, डबा भरून ठिगळं साठवली अन् अंगात भोकाचं जॅकेट! सुनीला लावून द्याया सवड नाय व्हय? घ्या, लावली म्या."

अकरा! माझे अकरा सर्वोत्तम पॅच! छातीवर तीन, कोपरांवर एकेक, पोटावर चार. पाठीवर सर्वांत मोठा, पितळी टोप घातलेला पाणबुड्या, ज्याच्यासाठी मी दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता. अकरावा डाव्या खिशाच्या तोंडावर. खिशाचं तोंड हेही त्यांना भोकच वाटलं होतं! आणि शिवण? गोधडीचा जाड दोरा, दुहेरी, बोटभर अंतरावर गाठ.

"कसं हाय?" आईंनी विचारलं.

मी सुनीताकडे पाहिलं. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेचा अर्थ असा होता की, आईने दिवसभर डोळे ताणून शिवलंय, आता पुढचा शब्द जपून काढा.

"मजबूत आहे," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता.

"मंग परवा झेंड्याला हेच घाला."

मला वाटलं, सुनीता मधे पडेल. ती म्हणाली, "घालतील की!"

सव्वीस जानेवारीला सकाळी कडाक्याची थंडी होती. विहाराच्या पटांगणात सगळी कॉलनी जमलेली. मी मागच्या रांगेत, हाताची घडी घालून, जमतील तेवढे पॅच झाकत उभा राहिलो. पण पाठीवर कोण हात ठेवणार? कॉलनीचे अध्यक्ष देवरे सर, निवृत्त मुख्याध्यापक, मागून आले आणि माझ्या पाठीशी थबकले. त्यांनी मला गोल फिरवून पूर्ण वाचून काढलं.

"पगारे! नौदल?"

"नाही नाही सर, हे आपलं नुसतं—"

"बारा वर्षं शेजारी राहता आणि बोलला नाहीत!"

"सर, मी आवक-जावकला—"

"हा विनय!" देवरे सरांचा आवाज भरून आला. सरांना कान कमी आणि भावना जास्त. शिवाय त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे तापाने आजारी पडल्याचा फोन पाच मिनिटांपूर्वीच आला होता. खुर्ची रिकामी होती. ती भरली!

झेंडावंदन झालं. सरांनी माईकवरून सांगितलं, "समुद्रात पाणबुडी बुडाली की हे आपले पगारे तिला वर काढतात!" टाळ्या. पहिल्या रांगेत आई बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि स्वतःच्या शिवणीकडे बोट दाखवलं. मग सर म्हणाले, "पगारे, दोन शब्द बोला."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तसं ठरवूनच उठलो होतो. पण आजवर या विषयावर मला कुणी एक शब्दही बोलू दिला नव्हता हो! घरी 'पाणबुडी' म्हटलं की सुनीता कुकर लावते. इथे दीडशे माणसं कान टवकारून बसलेली. मी बारा मिनिटं बोललो. घंटा कशी सोडतात, दोर कसा ताणतात, वर येताना घाई का करायची नाही, सगळं सांगितलं. मी खोटं काही बोललो नाही. फक्त 'आपण' हा शब्द जरा जास्त वापरला. 'आपण खाली उतरतो', 'आपण झडप उघडतो'. मला म्हणायचं होतं, कुणीही. लोकांनी ऐकलं, पगारे.

भाषण संपता संपता मागून रफिकभाई धावत आला. रफिकभाई मूळचा मालेगावचा वायरमन, कॉलनीच्या मोटरची कामं तोच बघतो. आमची कॉलनी पूर्वी द्राक्षाची बाग होती. बाग गेली, विहीर राहिली. तिच्यात सबमर्सिबल मोटर आहे आणि सगळ्यांच्या टाक्या तिच्यावरच भरतात. सकाळपासून ती बंद होती.

"सर, गडबड हो गई! मोटर वर खेचत होतो, दोर सुटला. सबमर्सिबल बुडाली!"

आचारी उपड्या पातेल्यावर डोकं धरून बसला. दीडशे माणसांचं जेवण, टाकीत थेंब नाही, आणि नळाला पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

मग हळूहळू एकेक मान वळली. माझ्याकडे!

"सर, ती सबमरीन नाही," मी घाईने म्हणालो, "सबमर्सिबल आहे."

"राहतात दोघी पाण्याखालीच ना?" देवरे सर म्हणाले.

मी आणखी काही समजावायच्या आत सर पुढे निघालेही.

सगळी मिरवणूक विहिरीवर गेली. रफिकभाईने तोवर शर्टाची बटणं काढायला घेतली होती. त्याला उत्तम पोहता येतं. पण सरांनी त्याला अडवलं. "थांबा! नौदल हजर असताना वायरमनने उतरायचं? शोभतं का?"

रफिकभाईने निमूटपणे बटणं लावली आणि पिशवीतून दोराला बांधलेला तीन काट्यांचा लोखंडी आकडा काढून माझ्या हातात दिला.

"अच्छा, ग्रॅपनेल," मी म्हणालो. (वाचलेलं होतं.)

"गळ म्हणतात त्याला," रफिकभाई म्हणाला.

मी गळ फेकला. पहिल्यांदा तो समोरच्या भिंतीला लागला. दुसऱ्यांदा देवरे सरांच्या टोपीला. तिसऱ्यांदा मात्र विहिरीत पडला आणि उतरत्या दगडी पायऱ्यांपैकी पाण्यापासून वर तिसरीत अडकून बसला. ओढला, हलेना. हिसडला, हलेना. वर दीडशे माणसं श्वास रोखून उभी. आई सगळ्यांना हाताने मागे सारत होत्या, "सरा, त्यांना जागा द्या."

मला पोहता येत नाही. हे सांगायला फक्त चार शब्द लागतात. पण त्या बाईच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून ते चार शब्द काही तोंडातून फुटेनात. म्हटलं, पायऱ्या तर आहेत, उतरू, गळ सोडवू, वर येऊ. यात बुडण्यासारखं काय आहे?

शेवाळ होतं.

गळ सुटला आणि मीही सुटलो! जानेवारीच्या पाण्यात शिरल्यावर माणूस नक्की काय ओरडतो, हे मला आठवत नाही. पण सुनीता म्हणते, मी 'बचाव जहाज!' असं ओरडलो. मी दोनदा वर आलो, दोनदा खाली गेलो. चष्मा गेला. हिरवट अंधारात मला एवढंच वाटत होतं की आपण आपल्या अकरा जहाजांसकट बुडतोय.

मग वरून आवाज आला, "हलू नका, जावईबापू!"

आईंनी दोर ओढून गळ वर घेतला होता. त्यांनी तो माझ्या मागे सोडला, एक झटका दिला, आणि तो माझ्या पाठीवरच्या पितळी टोपवाल्या पाणबुड्यात कचकन रुतला. माझं डोकं पाण्यावर आलं. दोन वर्षं पत्रव्यवहार करून मिळवलेला तो पॅच उसवेल या विचाराने मी तशातही कळवळलो. पण एक टाका तुटला नाही! तोवर रफिकभाईने, कुणालाही न विचारता, उडी घेतली होती. त्याने मला मांजराच्या पिलासारखं धरून पायरीवर बसवलं.

मी वर येऊन कुडकुडत उभा राहिलो, अंगावर व्यासपीठाची पांढरी चादर. माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, कारण आईंनी पदर खोचून गळ पुन्हा विहिरीत सोडला होता. दोर दोन बोटांत धरून त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"आमच्याकडं निम्म्या गावाची भांडी विहिरीतनं म्याच काढलीत," त्या म्हणाल्या. "गप ऱ्हावा जरा... हां. लागली."

सात-आठ जणांनी दोर ओढला. गळ मोटरच्या सुटलेल्या दोरातच अडकला होता. मोटर वर आली. आधी जावई, मग मोटर, असा त्यांच्या कामाचा क्रम होता. एका तासात रफिकभाईने ती जोडून पाणी सुरू केलं आणि आचारी पातेल्यावरून उठला.

मी देवरे सरांसमोर जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्या चांगल्या कानात म्हणालो, "सर, मी नौदलात कधीच नव्हतो. मी फक्त पॅच जमवतो. मला पोहताही येत नाही."

सरांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग ते भाषण?"

"वाचून."

"आणि पोहता येत नसताना तुम्ही विहिरीत उतरलात? पगारे, याला म्हणतात—"

"बावळटपणा," सुनीता म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. चादरीचं टोक घेऊन ती माझं डोकं इतक्या जोरात पुसत होती, की विहिरीत बरं होतं असं मला वाटलं.

दुपारी तीन वाजता पंगत बसली. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर आई, त्यांच्या शेजारी रफिकभाई. सरांनी दोघांना हार घातले. मी बुंदी वाढत होतो. वाढता वाढता आईंपाशी आलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "जावईबापू, ती ठिगळं लावायची नव्हती व्हय? सुनी सांगत व्हती."

मी त्यांच्या पानात आणखी दोन डाव बुंदी घातली. "लावली म्हणून तर वाचलो, आई," मी म्हणालो. त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, कारण एवढं खरं मी त्या दिवशी दुसरं काही बोललो नव्हतो.

चार दिवसांनी त्या इगतपुरीला परत निघाल्या. स्टेशनवर गाडीच्या दारातून त्यांनी सुनीताला जवळ बोलावलं आणि मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, "माणूस लय भला हाय गं तुझा. फकस्त पाण्यापाशी एकटा सोडू नको."

सुनीता आईचा शब्द खाली पडू देत नाही. तेव्हापासून मी अर्धी बादली पाणी घेऊन आंघोळीला बसलो, की ती दर दोन मिनिटांनी मोरीच्या दारावर थाप मारते. आणि मी, सरकारी नोकरीतला अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत आतून ओरडतो, "आहे! वरच आहे!"