रुमालात धरलेला फोन

"फोन डोक्यावर धर आन् गेटपाशी उभी राहा. शिफ्ट सुटंस्तवर हात खाली आला, तर उद्यापासून यायचं न्हाई."

सुपरवायझर म्हणाला आणि मी उभी राहिले. बेचाळीस वर्षांची बाई मी, दोन लेकींची आई. दुसऱ्या पाळीचे लोक आत येत होते, बघत होते. कुणी हसलं. कुणी मान खाली घातली. मान खाली घालणाऱ्यांचाच मला जास्त राग आला.

गुन्हा एवढाच, की मी एका रिकाम्या ड्रमावरच्या लेबलाचा फोटो काढला होता.

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत आम्ही बावीस बाया ठेकेदाराच्या हाताखाली. मागच्या शेडमध्ये रिकामे ड्रम धुवायचे, पुसायचे, रचून ठेवायचे. दिवाळीनंतर पिवळ्या लेबलाचे ड्रम यायला लागले आणि माझ्या बोटांची सालं निघायला लागली. पीठ मळताना मीठ झोंबायचं. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाला हात लागतो तुमचा?" मला सांगता येईना. लेबलावर सगळं इंग्रजी. ते म्हणाले, फोटो काढून आणा. मंगळवारी काढला. बुधवारी दाखवणार होते. बुधवारी सुपरवायझरने भर लाईनीत फोन मागितला, फोटो शोधला, पुसला आणि मला गेटवर उभं केलं.

त्याला कळलं कसं?

फोटो काढला तेव्हा शेडमध्ये माझ्याशिवाय एकच बाई होती. रूथ. सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. ती मूळची शिरूरची, मिशनच्या जुन्या वस्तीतली. तिचा आजा ख्रिस्ती झाला, तरी लोक तिला अजून विचारतात, "आधी कोण होता तुम्ही?" म्हणजे तिचं-माझं दुखणं एकच. तरीही माझं मन म्हणालं, हिनेच सांगितलं. हिला पक्कं काम पाहिजे असेल.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन भिंतीच्या पलीकडे जाऊन बसले. ती आली. "काय झालं गं?" म्हणाली. मी म्हणाले, "तुझं तुला ठावं." ती आपला डबा घेऊन गेली. त्या आठवड्यात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. आज त्याची लाज वाटते. माझा संशय खरा होता, फक्त चुकीच्या माणसावर होता.

आता हा फोन माझ्याकडे आला कसा ते सांगते. थोरली लेक पुण्यात नर्सिंग करते. कंपनीने हुकूम काढला, की उद्यापासून हजेरी मोबाईलवर. पाळीला येताना, जेवणाच्या सुट्टीत आणि जाताना तोंडाचा फोटो. माझ्याकडे बटणांचा फोन. लेकीने नवा घेतला आणि यवतच्या माझ्या भावाबरोबर पाठवला. आमच्याकडे नवा फोन कुणी स्वतः चालू करत नाही. जाणत्या माणसाकडून चालू करून घ्यायचा, ही रीतच आहे. दुकानदार, ग्रामपंचायतीतला कुणी, नाहीतर शेजारचा शिकलेला. मीही खोक्यावरचं प्लॅस्टिक न फाडता तो गेटवर नेला. जाणता माणूस म्हणजे सुपरवायझर.

"आडनाव काय?"

मी सांगितलं. माझं आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या तोंडावर काय होतं, ते मी शाळेपासून बघत आले आहे. त्याने खिशातून रुमाल काढला, खोकं मला उघडायला लावलं आणि फोन रुमालात धरला. कोरा करकरीत फोन. माझं बोटसुद्धा अजून त्याला लागलं नव्हतं. माझ्या आधीच्या बाईचा फोन त्याने नुसत्या हाताने घेतला होता. तिचं आडनाव पाटील होतं.

पाच मिनिटांत त्याने काय काय दाबलं. मी विचारलं, "साहेब, पासवर्ड?"

"तुला काय करायचाय पासवर्ड? तू नुसता तोंडाचा फोटू काढ. हजेरी लागंल."

बाया हसल्या. मीही हसले. ते हसणं मला आजही टोचतं.

फोन चालू झाला, पण तो कधी माझा वाटला नाही. सगळी इंग्रजी. न मागितलेली वीस-पंचवीस ॲपं. पत्त्यांचा जुगार, कुठल्या तरी पुढाऱ्याचं ॲप, चमचमणाऱ्या जाहिराती. आणि नंबरांच्या यादीत अनोळखी नावं. "पिंकीचे पप्पा". "गॅसवाला". एकदा तर "आई".

माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिने उभ्या जन्मात फोन धरला नाही. ते नाव मी रोज बघायची, दाबायची नाही. भीती वाटायची, खोटं का सांगू. रूथशी बोलणं बंद झाल्यावर, त्या रविवारी सकाळी, चूल पेटवायच्या आधी मी ते दाबलं.

"बोल गं बाई," पलीकडून म्हातारा आवाज आला.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुम्ही कोण बोलताय?"

"मी शिरूरवरून. रूथची आई. तू कोण?" मी नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आगं, तुझ्याच नावानं रडती हाय ती कालपासून. इथंच हाय. ये की."

शिरूरची एसटी धरली. वाटेत एकच गोष्ट डोक्यात. रूथच्या आईचा नंबर मी कधी घेतला नाही, तर तो माझ्या फोनात आला कुठून?

रूथ ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी माफी मागितली नाही. जमलंच नाही. फोन तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तुझी आई माझ्यात हाय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःचा फोन काढला. "आन् तुझा भाऊ माझ्यात हाय. भाऊ यवत. मला वाटलं, तूच कवातरी दिला."

मग आम्ही फोटो उघडले. तोवर मी माझेच चार फोटो बघायची, खाली कधी सरकवलं नव्हतं. खाली सरकवलं तर आमच्या शेडच्या सगळ्या बायांचे संसार. कुणाची लेक न्हाणीघराच्या दारात केस वाळवत उभी. कुणाचे दवाखान्याचे कागद. कुणाच्या पाठीवरचे वळ, पोलिसांना दाखवायला काढलेले. रूथने सेटिंग उघडलं. ती दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचते. माझ्या फोनात एक ईमेल. तिच्या फोनात तोच ईमेल. त्यात सुपरवायझरचं नाव.

बावीस फोनांना त्याने एकच खातं लावलं होतं. स्वतःचं. आम्ही जे काढू ते त्याच्याकडे. माझ्या फोनाला रुमालाशिवाय हात न लावणारा माणूस आमच्या न्हाणीघराच्या दारापर्यंत रोज येत होता.

रूथ म्हणाली, "पुसून टाकू सगळं. पहिल्यापासून चालू करू."

"आपल्याला येईल?"

"त्याला आलं ना? मग."

त्यात माझ्या धाकटीचा सातवीतला एक फोटो होता. रूथने तो आधी तिच्या आईच्या फोनवर काढून ठेवला. मग फोन पुसला. पडदा काळा झाला. मग पहिलाच प्रश्न आला. भाषा कोणती? त्याने हा प्रश्न मला न विचारताच उरकला होता. मी यादीतून मराठी शोधली आणि दाबली. माझ्या सोललेल्या बोटाने. दोनदा दाबावं लागलं, बोटावर कातडीच धड नव्हती.

मग फोन विचारत सुटला. तुमचं ठिकाण बघू का? तुमचे नंबर वाचू का? माइक ऐकू का? आयुष्यात मला इतक्या वेळा कुणी परवानगी मागितली नव्हती. म्हणूनच मला संशय आला. नको. नको. नको. हजेरीच्या ॲपला ठिकाण दिलं, तेही ते उघडं असेल तेवढ्यापुरतं. पासवर्ड मी माझ्या मनाने केला. कागदावर लिहिला नाही. रूथलाही सांगितला नाही, आणि तिनेही विचारला नाही. ॲपं ठेवली चार. हजेरी, लेकीशी बोलायचं, दौंडच्या गाड्यांच्या वेळा आणि एक भाषांतराचं. ते कॅमेऱ्याने अक्षरं वाचतं आणि मराठीत बोलून दाखवतं, असं रूथच्या भाच्याने तिला सांगितलं होतं.

सोमवारी शेडमध्ये मी पिवळ्या लेबलापुढे फोन धरला. फोन कोरड्या आवाजात बोलला, "त्वचा आणि डोळ्यांना गंभीर इजा होते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हाताळू नका."

हात थांबले. एक एक बाई जवळ आली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तीन महिने हे आमच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं.

मंगळवारी गेटवर सुपरवायझरने मला बोलावलं. हातात रुमाल तयार.

"तुझ्या फोनात बिघाड हाय. फोटू सेव्ह होईनात तुझ्यात. आण, नीट करून देतो."

मी फोन पदराखाली धरला.

"माझे फोटो सेव्ह होत न्हाईत, हे तुम्हाला कसं कळलं, साहेब?"

माझ्यामागच्या लाईनीने ते ऐकलं. मग एक बाई स्वतःच्या फोनकडे बघायला लागली. मग दुसरी. पाटीलबाईसुद्धा.

"शहाणपणा नको. आण इकडं."

"न्हाई देणार."

बास, एवढंच म्हणाले. फोन तसाच पदराखाली धरून शेडकडे गेले.

पुढच्या रविवारी रूथच्या दौंडच्या खोलीत तिला धरून सतरा बाया जमल्या. चौघी आल्या नाहीत, त्यांना भीती वाटते. सतरा फोन पुसले. मी कुणाचा फोन हातात घेतला नाही. "तूच कर की गं," म्हणत फोन पुढे करणाऱ्या प्रत्येकीला मी सांगितलं, तुझं बोट, तूच दाब. चुकलं तर परत दाब. संध्याकाळपर्यंत बसलो.

सोमवारी आम्ही ठेकेदाराकडे हातमोजे मागितले. आज चौथा दिवस आहे. आम्ही रोज वेळेवर येतो, तोंडाचा फोटो काढतो, हजेरी लावतो आणि शेडमध्ये हात बांधून बसतो. हातमोजे आलेले नाहीत. पिवळ्या लेबलाचे ड्रम गाडीवरून उतरले तसेच पडून आहेत. ठेकेदार येऊन गेला, बाया बदलीन म्हणाला. बदलू दे. नव्या बाया आल्या की गेटवरच त्यांना ते लेबल ऐकवणार आहे. आणि फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही, तेही सांगणार आहे.

ड्रमाला मी हात लावणार नाही.