सुमित्राकाकूंचं दाढीवालं फूल

देवाची भांडी चिंचेने घासायला बसले होते. ताम्हण झालं होतं, पळी झाली होती, तांब्या अर्धा उजळला होता आणि अर्धा काळाच होता, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"हर्षे, आली वं मी!"

पोळा होऊन तिसरा दिवस होता. शेजारच्या सुमित्राकाकू दीड महिन्याने तळेगावहून परत आल्या होत्या. लेकीचं, काजलचं, बाळंतपण करून. एरवी मी ओल्या हातानेच धावले असते. त्या दिवशी हात चिंचेतच राहिले. कारण मागच्या पडवीत त्यांची कुंडी होती, त्यांनी माझ्यावर सोपवलेली, आणि तिला चार दिवसांपासून वास येत होता.

सुमित्राकाकू मूळच्या रोहण्याच्या, शेतकरी घरातल्या. लग्न होऊन सावंगीला आल्या तेव्हा इथे दवाखाना नव्हता, कॉलेज नव्हतं, वखराची जमीन होती असं त्या सांगतात. मग दवाखाना झाला आणि त्यांचे यजमान बापूराव तिथे शिपाई म्हणून लागले. बापूराव गेल्यावर काकूंनी मेडिकलच्या पोरापोरींना डबे द्यायला सुरुवात केली. वरची खोली मुलींना राहायला दिली. आज अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि पहाटे चार वाजता कणीक मळायला बसतात. डब्यात ठेचा असतोच, मागितला नसला तरी. परीक्षेच्या दिवसांत मात्र तिखट कमी करतात. "डोक्शात अभ्यास अन् पोटात आग, दोन्ही कसं चालन?" म्हणतात.

त्या वरच्या खोलीत सबा राहायची. काश्मीरची मुलगी, शोपियानकडच्या गावातली. पहिल्या वर्षी तिला कावीळ झाली. काकूंनी महिनाभर तिला पेज भरवली, आणि तोंडाला चव यावी म्हणून तिच्याकडून विचारून विचारून गाठकोबीच्या, म्हणजे नवलकोलाच्या, पाल्याची पातळ भाजी तिच्या गावच्या पद्धतीने केली. "भाजी कायची, गरम पाणीच ते," काकू अजून म्हणतात. पण ती पोर ते प्यायली आणि रडली.

सबा बरी झाल्यावर तिची आई भेटायला आली. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही बेताचंच. काकूंचं वऱ्हाडी तिला कळेना. दोघी अंगणात बाजेवर बसून हातवारे करत होत्या आणि मी मधे बसून हसत होते. तिने पेटीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत आल्याच्या गड्ड्यासारखे कंद होते. तिच्या अंगणातल्या आयरिसचे. जातीचा दाढीवाला आयरिस, सबाने सांगितलं, फुलाला दाढी असते. काकू म्हणाल्या, "म्हंजे बाबाच म्हना की!"

लावायचं कसं हे त्या माउलीने कुंडीत बोटांनी दाखवलं. मुळं मातीत, पण कंदाची पाठ वर, उन्हात. काकूंना लगेच उमगलं. "डोबीत म्हैस बसते ना, तसं. पाठ बाहेर."

आमच्याकडचा उन्हाळा त्या झाडाला कसा सोसायचा? पण काकूंनी ते जगवलं. मे महिन्यात हिरव्या जाळीखाली, पावसाळ्यात पडवीत पत्र्याखाली कोरडं, आणि डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर उघड्या थंडीत. तीन वर्षं नुसती तलवारीसारखी पानं. चौथ्या वर्षी कडाक्याची थंडी पडली आणि फेब्रुवारीत दांडा आला.

ते फूल मी पाहिलंय. तीन पाकळ्या वर, मधाच्या रंगाच्या, नमस्काराला हात जोडल्यासारख्या. तीन खाली लोंबणाऱ्या, पिकल्या जांभळासारख्या, कडेला तांबूस. आणि त्या खालच्या प्रत्येक पाकळीवर पिवळ्या केसांची पट्टी, केसाळ सुरवंट चढत असावा तशी. जवळ नाक नेलं की काळ्या द्राक्षांचा वास. मी म्हटलं, "काकू, हे देवाला वाहू द्या."

"तोडाले नाई भेटनार. तुया देवालेच इकडं आन."

मी घरी गेले आणि बाळकृष्णाला तळहातावर घेऊन आले. त्यालाही वाकवून दाखवलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. तीन दिवस फूल राहिलं. त्यानंतर आणखी एकदाच आलं, दोन वर्षांपूर्वी.

यंदाच्या चैत्रात सबाची आई गेली. आषाढात सबाचा फोन आला, तो मीही ऐकला, काकू फोन स्पीकरवरच ठेवतात. सबा आता डॉक्टर आहे, तिकडेच श्रीनगरला. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, नवरात्राच्या आधी, त्याला ती येणार होती. भावांनी घर विकलं होतं. नव्या मालकाने अंगणात फरशी घातली. त्यांच्याकडे कबरीवर आयरिस लावायची रीत आहे, जांभळे नाहीतर पांढरे, कुठेही मिळतात. पण आईचा हा मधाच्या रंगाचा आयरिस आता कुठेच उरला नव्हता. फक्त सावंगीत, काकूंच्या कुंडीत.

"काकी, एक टुकडा देना मुझे. अम्मी के सिरहाने लगाऊंगी."

"एक कायले, अर्धी कुंडी ने," काकू म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसला.

आठ दिवसांत त्यांना तळेगावला जावं लागलं. कुंडी आमच्या मागच्या पडवीत ठेवून मला बजावून गेल्या, "हर्षे, हिले काईच करजो नको. पानी नाई, खत नाई, काई नाई. सुकल्यावानी दिसन, दिसू दे."

काहीच करायचं नाही, हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

श्रावण लागला. रोज शंकराला अभिषेक. ते पाणी मोरीत ओतायचं नसतं, मी तुळशीला घालते. पण यंदा पावसाने तुळशीवृंदावन काठोकाठ भरलेलं, तिला आणखी पाणी म्हणजे शिक्षाच. आणि पत्र्याखाली ती एकच कुंडी कोरडी ठणठणीत, पानांची टोकं तपकिरी पडलेली. मला वाटलं, देवाच्या अंगावरून आलेलं पाणी, त्याने कुणाचं काय वाईट होणार? थोडं घातलं. दुसऱ्या दिवशी पानं तरतरीत वाटली. मग रोज घालू लागले. कंदही उघडा पडलेला, म्हणून हळदीला लावतो तशी मातीची भर दिली आणि वरून थापली. वहीत लिहिलंसुद्धा: "दुसरा सोमवार. काकूंच्या कुंडीला तीर्थ घातलं. झाड प्रसन्न."

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक पान हातात आलं. नुसतं धरलं तर बुडापासून सुटलं, आणि खाली पाणचट तपकिरी लगदा. आमच्या यांना दाखवलं. ते म्हणाले, "काकू येतील तेव्हा मी दुकानात असेन."

म्हणून हात चिंचेत.

"अवं, लपून काऊन राह्यली? मी काय सुई टोचनारी बाई आहो का?" काकू आतच आल्या. पिशवीतून बाळंतिणीचे डिंकाचे लाडू काढून ओट्यावर ठेवले. मी त्यांच्याकडे न पाहता बोलले, "काकू, तुमचं झाड मी मारलं."

पडवीत त्या वाकल्या. वास घेतला. मातीच्या भरीत बोट घातलं, ते पिकल्या केळात जावं तसं आत गेलं. 

"माती कोनं चढवली?"

"मी."

"अन् पानी?"

"अभिषेकाचं."

"रोज?"

"रोज. सोमवारी दूधही होतं त्यात."

"साखर नाई टाकली?"

मी खरं तेच सांगितलं. "जन्माष्टमीला पंचामृत होतं. त्यात असतेच."

काकू उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं आता हसतील. पण त्या कुंडीकडे पाहत हळू म्हणाल्या, "त्या पोट्टीले काय सांगू मी? माय एकदा गेली, अन् आता हेबी."

मला रडू फुटलं. तेव्हा त्या एकदम उठल्या. "रडू नको, अजून पानी नको टाकू तिच्यात. विळी आन. अन् तुयी ती वही आन."

वही कशाला ते मला कळलं नाही. पण आणली. पाणी कधीपासून घातलं ते त्यांना हवं होतं. मी पान काढून दाखवलं. "म्हंजे पंधरा-वीस दिवस," काकू म्हणाल्या. "येवढ्यात सगळं नाई जात. कडेकडेचे पाहू."

गोणपाटावर कुंडी पालथी केली. मधला गड्डा गेलाच होता. पण कुंडीच्या कडेला टेकलेले, जिथे माझी भर नीट पोचली नव्हती, ते कंद काकू एकेक दाबून पाहत होत्या. मऊ लागला की बाजूला. कठीण लागला की विळीवर. तपकिरी दिसेल तितकं कापत जायचं, आतून बटाट्यासारखं पांढरं लागेपर्यंत. शेवटी अंगठ्याएवढे पाच तुकडे उरले. एवढ्या मोठ्या कुंडीतून पाच. त्यांना चुलीची राख चोळली, दोन दिवस पडवीत कौलावर वाळत ठेवले. मग मातीच्या पसरट परळात जाड रेती आणि विटेचा चुरा घालून काकूंनी ते बसवले, पाठ वर. आणि परळ मुद्दाम माझ्याच पडवीत ठेवला.

"तुमच्याकडे ठेवा ना," मी म्हटलं.

"नाई. तू पाय रोज. नुसतं पाय."

मी म्हटलं, नवस बोलते. काकू म्हणाल्या, "काई बोलू नको बाप्पा. तुया देव पानीच मांगते."

सबा यायला अठरा दिवस होते. मी रोज सकाळी पूजा झाली की परळापाशी जाऊन उभी राहायची, हात मागे बांधून. अभिषेकाचं पाणी आता अंगणातल्या जास्वंदीला जात होतं. वहीत रोज एकच ओळ: "आज काही केलं नाही." सातव्या दिवशी एक तुकडा काळा पडला. नवव्या दिवशी दुसरा. काकूंनी ते चिमटीने उचलून फेकले आणि डब्याची पोळी लाटायला निघून गेल्या. मी देवापुढे बसले, पण मागायला शब्द सापडेना. त्याच्याच पाण्याने झालं होतं सगळं.

पंधराव्या दिवशी सकाळी एका तुकड्याच्या टोकाला हिरवं दिसलं. मटकीला मोड येतो तेवढंच. मी चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं. मग फाटक उघडं टाकून तशीच काकूंकडे. त्या पिठाच्या हातांनी आल्या, वाकल्या, त्या मोडाला बोट न लावता नुसती बोटाची सावली त्याच्यावर धरली.

"आलं वं."

आणि मग हसल्या. त्या दिवशीचं, उंबऱ्यावरचं, राहून गेलेलं हसू सगळं एकदम आलं. "पंचामृत! अवं, केळं नाई ठेवलं का नैवेद्याले?" मीही हसत होते. त्या दिवशी मी दोन वेळा जेवले. आमचे हे म्हणाले, "उपास सुटला वाटतं."

सबा आली ती सरळ काकूंच्या स्वयंपाकघरात शिरली आणि पाटावर बसून भाकरी-ठेचा मागितला. जेवण झाल्यावर काकूंनी परळ तिच्यापुढे ठेवला. तीन तुकडे. तिला वाटलं होतं कुंडीभर झाड असेल. ती काही बोलायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, दूध, पंचामृत, भर, सगळं.

सबा ऐकत होती. मग तिने मोड आलेला तुकडा उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला. कठीण होता.

"काकी, अम्मी ने भी एक बार यही किया था. गोबर डाला था, ढेर सारा. सब सड गया. अब्बू से दो दिन छुपाया."

"मी चार दिवस लपवलं," मी म्हटलं.

"तो आप जीत गईं," ती म्हणाली आणि माझा हात धरला. तिच्या हाताला ठेच्याचा वास होता.

मोड आलेला तुकडा तिने वर्तमानपत्रात गुंडाळून नेला, तिच्या आईने आणला होता तसाच. काल काकूंच्या फोनवर फोटो आला. कच्च्या मातीचा उंचवटा, डोक्याशी दगड, आणि दगडालगत तो तुकडा, पाठ उघडी, आता तीन पानं असलेला. मागे डोंगर ढगांत गेले होते. काकूंनी फोटो मोठा करून फक्त कंद पाहिला. "बरोबर लावला पोट्टीनं," म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला.

उरलेल्या दोन तुकड्यांनाही आता मोड आहेत. आज सकाळी काकूंनी एक त्यांच्या कुंडीत घेतला आणि दुसरा माझ्या ओंजळीत ठेवला.

"माझ्याकडे?" मी म्हटलं. "माझ्यावर भरवसा आहे का अजून?"

"तुयावर नाई. तुया वहीवर आहे. लेहीत जाजो."

घरात रिकामी कुंडी आहे, विटेचा चुरा आहे. जाड रेती नाही. गल्लीच्या टोकाला बांधकाम चाललं आहे, तिथून घमेलंभर रेती मागून आणायला आत्ता निघते आहे.